आत्याची पिचकारी

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा ठाण्याला, नौपाड्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. सभांची, संपांची, हरताळांची उरलेली पत्रकं घरी यायची आणि तीच माझी पुस्तकं. ‘धनुष्य’ वाचता येण्याआधी मला ‘धिक्कार’ वाचता येत होतं. अशा घरात वाढून आज मी एका बंदुकीचं कौतुक लिहिते आहे. लिहिताना मला जराही अवघडल्यासारखं होत नाही.

बंदूक माझ्या आत्याची. कल्याणच्या पलीकडे, मुरबाडच्या वाटेवर तिचं गाव. काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, ती एका गोऱ्या रेल्वे इंजिनिअरने मायदेशी जाताना विकली होती. पुढे काका गेले आणि पिकाच्या रक्षणासाठीचा परवाना आत्याच्या नावावर झाला. गोऱ्यांनी शेतकऱ्याच्या हातातलं हत्यार कायद्याने काढून घेतलं, आणि आपलं राज्य आलं तरी तो कायदा आहे तिथेच आहे, यावर मी तेव्हाही तावातावाने बोलायची. आत्या म्हणायची, “कायदा बदल तू सावकाश. माझं भात आत्ता पिकतंय.”

त्या बंदुकीची तऱ्हा वेगळी होती. नळीखाली आणखी एक नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसायची. त्या नळीवर लाकडी मूठ. ती मागे ओढली की रिकामं टरफल बाहेर उडायचं, पुढे ढकलली की नवं काडतूस आत जायचं. होळीची पिचकारी ओढावी तसंच दिसायचं ते, म्हणून अख्खं गाव तिला ‘आत्याची पिचकारी’ म्हणायचं. “काय आत्या, रंग कुठला भरलाय?” असं येताजाता कोणीतरी विचारायचं. “तुझ्या तोंडाला शोभेल असा,” हे तिचं ठरलेलं उत्तर.

हसणाऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. एक बार उडाला की पुन्हा दारू भरा, छर्रे भरा, गज मारा. रानडुकरांना हे सगळं कळून चुकलं होतं. पहिला आवाज झाला की ती बांधाआड जायची, तिथे निवांत उभी राहायची आणि पुन्हा भातात शिरायची. आवाजानंतर बराच वेळ काही होत नाही, हे ती पिढ्यान्‌पिढ्या शिकली होती. आत्याच्या शेतात मात्र ती बांधाजवळ पोचेपर्यंत दुसरा आवाज यायचा आणि लगेच तिसरा. मग कसला बांध आणि कसलं काय! आत्या बहुतेक वेळा मातीतच गोळी मारायची. मारण्यापेक्षा पळवणं तिला पुरेसं होतं.

दुसरी बंदूक तिला चाललीही नसती. भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवरून पडून तिचं खांद्याचं हाड मोडलं होतं आणि ते वेडंवाकडं जुळलं होतं. बारा बोअरच्या बंदुकीच्या एका धक्क्याने तिचा हात आठवडाभर वर होत नसे. पिचकारीत पिस्तुलाची काडतुसं लागायची. आखूड, कमी दारूची. धक्का असा, की कोणी खांद्यावर हात ठेवून हाक मारावी.

पण हीच तिची अडचणही होती. एका वर्षी भात पोटरीला आलं आणि काडतुसं संपली. मी मुंबईला फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “बाई, वाघ मारणाऱ्याला मोठं काडतूस हवं असतं, आणि खिशात हत्यार ठेवणाऱ्याला पिस्तूल. मधलं हे कोण घेणार? अशी बंदूक बनायचीच बंद झाली. महायुद्धानंतर काडतुसंही येत नाहीत.” मी निघाले तेव्हा त्याने मागून सांगितलं, “ठाण्यात एक निवृत्त फौजदार आहेत. त्यांचं रिव्हॉल्व्हर याच मापाचं. त्यांच्याकडे असतील.”

तो फौजदार मला ठाऊक होता. बेचाळीसच्या मोर्च्यावर त्याच्याच हुकमाने लाठी चालली होती. त्यात बाबांचं उजवं मनगट मोडलं, आणि तेव्हापासून ते डाव्या हाताने छपाईचे खिळे जुळवत होते. त्याच्या दारात जाण्यापेक्षा भात गेलेलं परवडलं, असं मी आमच्या घरी आलेल्या आत्याला सांगितलं.

“कोणाला परवडलं?” आत्याने विचारलं. “वर्षभर मी काय खाऊ? तुझी पत्रकं?”

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “भात तिचं आहे. मनगट माझं आहे. माझ्या मनगटासाठी तिने उपाशी का राहावं?”

मी गेले. फौजदार ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. कोण, काय, असं त्यांनी विचारल्यावर मी आधी तेच सांगितलं. “छापखान्यातल्या कंपोझिटरची मुलगी. तुमच्या हुकमाने त्यांचं मनगट मोडलं.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, “हुकूम माझाच होता. पुढे?”

“पुढे, मला काडतुसं हवीत. आत्याच्या भातात डुकरं येतात.”

“एवढं सुनावून झाल्यावरसुद्धा हवीत?”

“हवीत. भात आत्याचं आहे, माझं नाही.”

ते मोठ्याने हसले. “पत्रकात असं लिहीत नाहीत तुम्ही लोक. तिथे शेवटी फक्त धिक्कार असतो.” मला राग आला, तो ते खरं होतं म्हणून.

काडतुसं अशी हातात देता येत नव्हती. दोघांच्या परवान्यांवर नोंद व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी फौजदार काठी टेकत कचेरीत स्वतः आले. आतल्या साहेबाने ओळखून खुर्ची देऊ केली. ती त्यांनी माझ्याबरोबर आलेल्या आत्याला दिली आणि स्वतः रांगेत उभे राहिले. कारकून कुरकुरला, “बंदुकीला पिस्तुलाचं काडतूस कसं?” त्यावर आत्याने खुर्चीत बसल्या बसल्या हवेत पिचकारी ओढून दाखवली, तोंडाने तीन बार काढले, आणि सगळी कचेरी हसली. नोंद झाली.

त्या वर्षी डुकरं बांधापर्यंत आली आणि परत गेली. झोडणी झाल्यावर आत्याने नव्या तांदळाच्या दोन पिशव्या पाठवल्या, एक आम्हाला आणि एक फौजदारांना. त्या लाठ्या मी आजही विसरलेले नाही आणि विसरणार नाही. पण त्या माणसाने रांगेत उभं राहून आत्याचं वर्ष वाचवलं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते लिहून ठेवायला मला कोणाची भीती नाही. आत्याची तर मी जन्मभर ऋणी आहे. तिने मला त्या दारापर्यंत नेलं. कोणत्याच पत्रकाने नेलं नसतं.

फौजदारांची पिशवी घेऊन मी निघाले तेव्हा बाबांनी चपला घातल्या. “जड आहे ती,” म्हणाले आणि डाव्या हाताने पिशवीचा एक बंद धरला. फौजदारांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी तो सोडला.

“जा तू,” ते म्हणाले. “मी इथे थांबतो.”