डुगलची हलकी रायफल

डुगलला घरात बसवत नाही. बावन्न वर्षं संसार केलाय, म्हणून सांगते. जन्मभर कुंपणं घातली, अख्ख्या खोऱ्यातल्या मेंढ्या त्याच्या तारांच्या आत चरल्या. आणि सुट्टी मिळाली की स्वारी डोंगरावर, हरणामागे. फ्रीजरमध्ये विकतचं मटण दिसलं तर त्याला तो अपमान वाटायचा.

गुडघा गेला तेव्हा म्हटलं, सुटले बाई. कसली सुटतेय! याने ओझंच कमी करायला घेतलं. तंबू हलका, भांडं एकच, टूथब्रशची दांडीसुद्धा करवतीने अर्धी केली. शेवटी अडीच किलोची रायफल आणली. इतकी हलकी बंदूक नाजूक असते. तिची नळी लाकडी दस्त्यात नीट बसली नाही, तर गोळी आज इथे, उद्या तिथे. म्हणून गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या रॉनाने दस्त्यात राळ ओतून तिला चपखल बैठक करून दिली.

पहिल्याच खेपेला एका नर हरणाच्या पोटात गोळी गेली. ऐंशी पावलांवरून, खांद्यावर नेम धरलेला असताना. दोन दिवस माग काढला, जनावर सापडलं नाही. परत येऊन कागदावर मारून पाहिलं, तर तिथेही गोळ्या विखुरल्या. रायफल रॉनाकडे विकायला देऊन आला. "डोळे गेले, बेरिल," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून चार महिने हा माझ्या स्वयंपाकघरात. खिडकीशी जा, दाराशी ये. मी ठेवलेली किटली उगाच सरकव. नजर तपासायला डब्यांवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाच. "एकदाचा बस रे बाबा," मी करवादायची. पण खरं सांगते, डोंगरावर ढग उतरले की मला बरं वाटायचं. हा खाली होता ना.

सोमवारी तो डोळे दाखवायला गेला आणि इकडे रॉना आली. चहा नको म्हणाली.

"बेरिल, चूक माझी आहे. एका गिऱ्हाइकासाठी डुगलची रायफल उघडली तेव्हा कळलं. बैठक केल्यावर पुढचा स्क्रू कापून आखूड करायचा असतो, तो मी तसाच ठेवला. पिळला की घट्ट लागतो, पण लांब असल्यामुळे नुसता आत टेकलेला असतो, नळी आवळत नाही. ती दस्त्यात सैलच राहिली. डुगलचा काही दोष नाही."

"आणि ते हरीण?"

"तेही माझ्याच माथी. मी थांबू का? मीच सांगते त्याला."

"मी सांगेन," म्हटलं, आणि तिला वाटेला लावलं.

नाही सांगितलं. संध्याकाळी हा येऊन म्हणाला, "नजर चांगली आहे म्हणे. मग हातच गेले असतील." मी ताट वाढलं. बुधवारी डोंगरावर माजावर आलेले हरणांचे नर डुरकायला लागले. आवाज आला की हा ताटावरून उठे, दारात जाई, परत येऊन बसे, पुन्हा उठे. गुरुवारी सकाळी माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "माझ्यापायी किती वेळ तडफडलं असेल गं ते?"

मग मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

तो खुर्चीत बसला. पाय हलत नव्हते, हात हलत नव्हते.

"रॉना कधी आली होती?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

"हो."

"तुला मी असाच बरा वाटत होतो?"

"वाटत होतास," मी म्हणाले. "घरी होतास."

त्याने बूट घातले आणि रॉनाकडे निघाला. बाहेर पडताना नेहमी मला हाक मारतो. त्या दिवशी मी फाटक वाजेपर्यंत थांबले, हाक आली नाही.