तिसऱ्यांदा कंट्रोल-सी

वाशिमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळली की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच मानगुटीवर बसतात. त्यात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांचा सिग्नलचा धडा आला की माझं एका जागी बसणं संपलंच! सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून मारलेली हाक. कंट्रोल-सी दाबलं की "बंद हो" अशी हाक जाते. ती आल्यावर काय करायचं, ते प्रोग्राममध्ये लिहिता येतं.

* * *

धनजच्या गजाननानं लिहिलं, काहीच करायचं नाही! मग प्रोग्राम थांबेना.

"सर, हा आयकूनच नाही राह्यला!"

मी धावत पोचेपर्यंत पठ्ठ्यानं भिंतीतली पिन उपसली. तिच्यावर कॉम्प्युटरची अख्खी रांग होती. सहा जणांचं काम गेलं.

"पण थांबला ना, सर!"

* * *

जऊळक्याहून रेल्वेनं येणारी प्रणाली याच विषयात एकदा नापास झालेली. पुन्हा राहिली तर वर्ष जाणार. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं प्रोग्राम बंद करायला किल कमांड दिली, पण प्रोग्रामच्या नंबराऐवजी नंबर टाकला ती लिहीत होती त्याच खिडकीचा. सेव्ह न केलेला प्रोग्राम खिडकीसकट गायब!

"सर, मीच मले मारलं!"

मला हसू येईना.

* * *

परीक्षेच्या सकाळी तिनं सगळं परत लिहिलं. तिसऱ्या कंट्रोल-सीला प्रोग्राम बंद व्हायला हवा होता. पंधरा वेळा दाबलं, तो चालूच! मी दारापर्यंत जाऊन यायचो, पुन्हा स्क्रीन बघायचो. शेवटी सापडलं. मोजणी दर हाकेला शून्यापासून सुरू होत होती.

"अवं, तू दरवेळी पाटी पुसून राह्यली!"

तिनं मोजणी शून्य करणारी ओळ हाकेच्या भागाबाहेर काढली. चालवून बघणार, तेवढ्यात परीक्षक आत आले.

* * *

परीक्षक अमरावतीचे, अबोल. त्यांनी स्वतःच कंट्रोल-सी दाबलं. स्क्रीनवर आलं, "बसा." पुन्हा दाबलं. "बसा हो!" तिसऱ्यांदा दाबलं आणि प्रोग्राम बंद. मी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती, ती सोडली.

"तीनदा काहून?"

"सर, पाहुणा दोनदा निघतो म्हणते, ते कोणी मनावर घेत नसते. तिसऱ्यांदा म्हणला तर खरंच निघते."

परीक्षकांनी पासचे मार्क टाकले, पेन खिशाला लावलं आणि उठले.

"चला, निघतो मी."

प्रणाली म्हणाली, "एक!"