तोताराम मिस्तरींच्या घराचं कुंपण

अमळनेरात तोताराम मिस्तरींचं नाव काढा, जुनी माणसं बोट दाखवतील ते स्वतःच्या दाराच्या चौकटीकडे. अर्ध्या गावाची दारं-खिडक्या त्यांनी बसवल्या. आणि त्यांच्या स्वतःच्या घराला? धड कुंपणसुद्धा नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ओट्यासमोरचं अंगण चहूबाजूंनी मोकळं. कुणीही यावं, कुणीही जावं. आजवर त्याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं.

पण गेल्या वर्षापासून मिस्तरींना, म्हणजे घरच्यांच्या आबांना, विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग माणसंच जायला लागली. तेव्हापासून ते मोकळं अंगण त्यांच्या मुलाच्या, हितेंद्रच्या, उरावर बसलं.

हितेंद्र जळगावला पाइपांच्या कारखान्यात नोकरीला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. घरी त्याची बायको डिंपल आणि आबा. दिवसभर आबा गरीब गायीसारखे बसून असत. दिवस कलला की मात्र त्यांची चुळबुळ सुरू. डोक्यावर टोपी, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि निघाले! पहिल्यांदा चोपड्याच्या रस्त्यावर सापडले, ट्रकांच्या मधोमध. दुसऱ्यांदा चक्क रेल्वेच्या रुळांतून चालत होते. गँगमननं हाताला धरून बाजूला ओढलं, तेवढ्यात मागून मालगाडी गेली. डिंपलनं हे फोनवर सांगितलं तेव्हा हितेंद्र कारखान्यातून तसाच निघाला.

"मी एकटी किती पाहू हो?" ती रडायलाच आली होती. "भाकरी टाकायला पाठ फिरवली, तेवढ्यात गेले."

तिसऱ्या वेळेला गँगमन असेलच असं थोडंच आहे? हितेंद्रनं ठरवलं: कुंपण घालायचं, फाटक बसवायचं, कुलूप लावायचं. कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळेना. मग काय, रविवारी स्वतःच पहार घेतली. पहिल्या रविवारी खड्डे खणले. खणले कसले, नुसतं अंगण उकरून ठेवलं! हाताला फोड आले, खांब उभे राहिले ते एकमेकांशी भांडल्यासारखे तोंडं फिरवून.

आबा ओट्यावरून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. उतरले, दोन खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, ओळंबा धरला. "वाकडा शे. काढ," म्हणाले. हितेंद्रनं काढला. पोराला ओळखत नव्हते, पण वाकडा खांब बरोब्बर ओळखत होते!

मग दर रविवारी दोघं मिळून कामाला. बाप सांगे, लेक ठोके. खांबांना जाळी आवळली. फाटक मात्र आबांनी स्वतः केलं, परसात पडलेल्या जुन्या सागवानी फळ्यांचं. रंधा हातात आला की त्यांचा चेहरा असा उजळायचा की हितेंद्रला बघवेना. समोरच्या झुलालभाऊंच्या जिभेला तर हाडच नाही. रस्त्यावरून ओरडले, "काय रे हितू, बापाच्याच हातानं बापाचा कोंडवाडा बांधून राहिला का?"

हितेंद्रनं हसण्यावारी नेलं खरं, पण ते बोलणं त्याच्या काळजाला लागलं. पण करतो काय? कोंडवाडा तर कोंडवाडा, बाप जिवंत तरी राहील.

आणि काम उरकायची घाई त्याला का, तर रोजचा धसका! एका बुधवारी परतीच्या गाडीत बघतो तर डिंपलचे फोनावर फोन येऊन गेलेले. परत लावावा तर लागेना. धरणगाव गेलं, टाकरखेडा गेलं, हा दारात उभा, डोळे रुळांवर. स्टेशनवरून धावत घरी आला. आबा ओट्यावर चहा पीत बसलेले! "अहो, येताना बिजागऱ्यांचे स्क्रू आणा म्हणायला केला होता," डिंपल म्हणाली. त्याला रडावं की ओरडावं कळेना.

अखेर एका रविवारी फाटक लागलं. आबांनी ते दोनदा उघडून-मिटून पाहिलं, मान डोलावली. हितेंद्रनं कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. कितीतरी महिन्यांनी त्याच्या जिवात जीव आला. डिंपलही देवापुढे दिवा लावून आली.

दिवस कलला. आबांनी टोपी घातली, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाशी गेले. कडी हलवली. कुलूप हलवलं. मग मागे वळून त्यांनी हितेंद्रपुढे हात जोडले.

"शेठ, फाटक उघडा."

"आबा, शेठ काय? मी हितू."

"काम व्हयनं, शेठ. आते जाऊ द्या," आबा काकुळतीला आले. "घर मन्हा हितू वाट दखी रायना. मी गयाशिवाय जेवत नही तो."

म्हणजे ट्रकांमधून, रुळांमधून हा माणूस रोज निघायचा तो आपल्याकडे! लोकांच्या घरचं काम संपवून, पोराला भूक लागली असेल म्हणून. आणि आपण त्यालाच कुलूप घातलं. लाज वाटली, आणि माया दाटून आली.

त्यानं कुलूप काढलं.

"अहो, हे काय करताय?" डिंपल दचकली.

"मिस्तरींना घरी पोचवून येतो."

पिशवी त्यानं आपल्या खांद्याला घेतली, आबांचा हात घट्ट धरला. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीकडून वळले. वाटभर आबा हितूचंच सांगत होते. हट्टी शे, गणितात कच्चा शे, पन पोऱ्या लाखमा एक शे. हितेंद्र हूं हूं करत होता. आज रविवार म्हणून आपण आहोत. उद्या गाडी लेट झाली तर हा हात कोण धरणार? डिंपलला सांगायला हवं, शिकवायला हवं. दोघं फिरून त्याच फाटकाशी आले. आबा आत शिरले, ओट्यावर टेकले, टोपी काढली.

"हितू जेवना का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा," हितेंद्र म्हणाला. "तुमचीच वाट पाहत होता."

"चाल मंग," आबा म्हणाले, "जेवाले बस."