आपला विश्वासू

साहेबानं माझ्या अर्जातल्या एका शब्दाला लाल पेनानं गोल केला. मग दुसरा गोल. मग तिसरा. शब्द दिसेना झाला.

"आपला विश्वासू," त्यानं मोठ्यानं वाचलं. "बघा ओ, हा म्हणतोय विश्वासू!"

वीजबोर्डाच्या हापिसातले चौघं हसले. पंखा हसला. भिंतीवरचं कॅलेंडर हसलं. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी.

साहेब वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. मला अरे-तुरे. म्हणाला, "महिन्याला बिल येणारं मीटर भरवशाच्या माणसाला असतंय. आधी वीज वापरायची, मग पैसे द्यायचे. तुमच्या गल्लीचा भरवसा कुणी द्यायचा? म्हणून तुम्हाला प्रीपेड. आधी पैसे, मग उजेड."

माझ्या हातात एक तार होती. त्या तारेत आमच्या घरची वीस वर्षांची बिलं ओवलेली. अम्मानं ओवलेली. एक थकलेलं न्हाई. साहेबानं त्या तारेकडं असं बघितलं, जसं काय मी मेलेली पाल शेपटीला धरून आणलीय.

"ते राहू दे. तू तोच ना, गादीवाला? थापाड्या? सोड की एखादी. मग बघू अर्जाचं."

आता मी कोण ते सांगतो. मी पिंजारी. कापूस पिंजतो, गाद्या भरतो, मुरुम गावच्या बाजाराला नेऊन विकतो. पण गादीपेक्षा माझ्या थापांना गिऱ्हाईक जास्त. लग्नात नवरदेव यायच्या आधी मला बोलावणं येतं. मयतीला मात्र कुणी बोलवत न्हाई, माझं तोंड दिसलं की लोकांना हसू फुटतं. शंभरातलं नव्वद मी फेकतो, हे कबूल. पण हे लिहिताना जिथं फेकतोय तिथं तुम्हाला आपोआप कळेल. जिथं कळणार न्हाई, तिथं खरं आहे.

नवे मीटर आमच्या गल्लीत गेल्या वर्षी आले. रस्त्याच्या ह्या अंगाला आम्ही. पिंजारी, धनगर, गवंडी, भांडीवाले. त्या अंगाला बंगले. खांब एक, तार एक. ह्या अंगाला प्रीपेड, त्या अंगाला जुनेच मीटर. वीज खांबावरून उतरताना कुणाच्या घरी चाललोय ते विचारून उतरत असावी.

शिल्लक संपत आली की मीटर टीं टीं करायचं. दिवसभर. एकतीस घरांत एकतीस टीं टीं. शेजारच्या बिरूदा धनगराच्या मेंढ्यांनी बें बें सोडलं आणि टीं टीं सुरू केलं, असं मी बाजारात सांगायचो. बाजार हसायचा. मीबी हसायचो. हसताना एक काळजी होती, ती सांगत न्हवतो.

काळजी अम्माची. माझी आई. चाळीस वर्षं तिनं अब्बांच्या जोडीनं कापूस पिंजला. त्यातला निम्मा गाद्यांत गेला, निम्मा तिच्या छातीत. अख्खी उशी भरेल एवढा असंल. डॉक्टरनं वाफेचं मशीन दिलं होतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, धाप लागली की मधेच. तोंडाला मास्क लावला की दहा मिनिटांत तिचे ओठ माणसांत यायचे. मशीनला लाईट लागते. एवढंच होतं सगळं. मला दुसरं काही नको होतं त्या मीटरकडून.

त्या दिवशी सकाळीच रिचार्ज मारला होता. पैसे मोबाईलातून गेले, मीटरात आले न्हाईत. मीटर टीं टीं करतच राहिलं. बायकोला, रेहानाला म्हणलं, तू अम्मापाशी बस, मी हापिसात जाऊन येतो. आज ह्याचा तुकडाच पाडतो. जुनं मीटर मागून येतो. असा निघालो.

आणि हापिसात उभा राहून थाप मारायला लागलो.

"साहेब, एका पाटलाला म्या गादी भरून दिली. इतकी मऊ, इतकी मऊ, पाटील झोपले ते आत बुडाले. सकाळी घरच्यांना नुसती मिशी दिसायली."

खिशात फोन वाजला. रेहाना. मी कट केला. गोष्ट रंगात होती.

"मिशीला धरून वढायला दोन गडी लावले. गादीला हात लागला की गडी घोरायला लागले!"

समोरचा कारकून बाबू टेबलावर थाप मारून हसला. फोन परत वाजला. परत कट केला. मला वाटलं, आता साहेब खूश झाला की सही. आणखी दोन मिनिटं. चहा आला. चौघांना आला. मला न्हाई.

तिसरा फोन बिरूदाचा. उचलला.

"कुठं हाईस रं? तुझी म्हातारी निळी पडलीय. लाईट गेली."

मी दाराकडं पळालो. मागून साहेब ओरडला, "अरे, पाटलाचं काय झालं? शेवट सांगून जा की!"

आणि मी सांगितला.

हे कुणाला सांगितलेलं न्हाई. रेहानालाबी न्हाई. दारात उभा राहिलो, वळलो, आणि घाईघाईनं सांगितला. "तालुक्याहून तहसीलदार पंचनाम्याला आले, तेबी त्याच गादीत झोपले. पगार अजून चालूय." ते हसले. मग मी पळालो.

बिरूदानं टेंपोतल्या मेंढ्या भर रस्त्यात उतरवल्या आणि अम्माला चढवलं. लेंड्यांच्या वासात, माझ्या मांडीवर तिचं डोकं. उमरग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिचे ओठ बघत होतो. जांभळाचा रंग. मी जन्मभर हजार रंग रंगवले, पण हा रंग मला रंगवता येत न्हाई.

वाचली. तवा वाचली.

चौथ्या दिवशी तिला बोलता यायला लागलं. अम्मा दखनीत बोलायची, मी मराठीत लिहितो. तिनं विचारलं, "हापिसात काय करत होतास?"

"गोष्ट सांगत होतो. साहेब म्हणला, सांग, मग अर्ज बघतो."

तिनं जरा दम घेतला. "उभा होतास का बसलेला?"

"उभा."

"खुर्ची न्हवती?"

"होती. दोन रिकाम्या होत्या."

अम्मानं भिंतीकडं तोंड केलं. मला तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी गादी झोडायच्या काठीनं मारायची, ती काठी मला त्या खाटेजवळ हवी होती.

दवाखान्यातून आल्यावर नवा अर्ज केला. माझ्या एकट्याचा न्हाई, सगळ्या गल्लीचा. एकतीस घरं. सह्या कमी, अंगठे जास्त. रेहाना नववी शिकलेली, तिचं अक्षर चांगलं. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "खाली काय टाकू? आपला विश्वासू?"

म्हणलं, "न्हाई. ग्राहक लिही. एकतीस ग्राहक."

हापिसात गेलो तर साहेब खुशीत. "आला आमचा रेडिओ! आज कुठलं स्टेशन?"

मी खुर्ची ओढली. खुर्चीचा फरशीवर कर्रर असा आवाज झाला, सगळ्यांनी माना वर केल्या. बसलो. कुणी सांगितलं न्हवतं.

"साहेब, आज थाप न्हाई. खरं सांगायला आलोय."

आणि सांगितलं. रिचार्ज गेला ते. मीटर टीं टीं करत होतं ते. फोन आला, मी कट केला, परत आला, परत कट केला ते. आईचं वाफेचं मशीन बंद पडलं, ओठ निळे पडले ते.

बाबू खुदकन हसला. "मग? मशीनमधनं पाटील निघाला का?"

वाट बघत होते सगळे. चौघंही. तोंडं अर्धी उघडी, हसायला तयार. मला तवा कळलं. मी काहीबी सांगितलं तरी ह्यांना ती थापच वाटणार. ही सवय मीच लावली होती. त्यांनी हसायचं आणि मी हसवायचं, मग त्यांनी कधी मधी हाताची बोटं हलवून सही करायची. आमच्या गल्लीत असे किती जण. कुणी पाया पडून मिळवतो, कुणी कोंबडी देऊन, मी थाप मारून. हक्काचं कुणीच मागत न्हाई.

म्हणलं, "मग काही न्हाई. एवढंच."

कुणी हसलं न्हाई. पहिल्यांदाच.

साहेबानं अर्ज उलटा-पालटा केला. आवाज खाली आणला. "हे बघ, तुझं एकट्याचं करून देतो. गल्लीचं नाव काढू नको."

खरं सांगतो, माझ्या तोंडात 'व्हय' आलं होतं. जिभेवर बसलं होतं. घरी अम्मा होती, मशीन होतं, मशीनला लाईट पाहिजे होती. कुठल्या लेकानं न्हाई म्हणावं? पण ते 'व्हय' बाहेर पडलं असतं तर ते पुन्हा बक्षीसच झालं असतं. गोष्टीचं न्हाई, तर गप बसण्याचं.

"अर्ज एकतीस घरांचा आहे, साहेब. पोच द्या."

"काय?"

"दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारा. तारीख टाका. सही करा. पोच."

त्यानं शिक्का असा मारला, की टेबलाला भोक पडलं असतं. पण मारला.

अम्मा त्यानंतर सहा आठवडे होती. दुपारी गेली. लाईट होती. मीटरात शिल्लक होती, मशीन चालू होतं, वाफ निघत होती. हे मुद्दाम लिहितोय. गोष्ट रंगवायची असती तर मी लाईट घालवली असती. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच संपली होती. असंल. पण ते दोन कट केलेले फोन माझ्या हिशोबातून कुणी काढू शकत न्हाई. त्यातला एक माझा, एक साहेबाचा, अशी वाटणी करून बघितली. होत न्हाई. दोन्ही माझेच येतात. मात्र मला तिथं उभा कुणी केला होता, ते मी विसरणार न्हाई.

ती जाऊन चार दिवस झाले आणि हापिसातला माणूस दारात आला. खांद्याला पिशवी. "काका, तुमचं मीटर बदलायचंय. बिलाचं आलंय."

"कितींचं आणलंय?"

"एकच. तुमच्याच नावाचं."

शिडी भिंतीला लावून त्यानं पाय वर ठेवलाच होता. बिरूदा दारात आला, पलीकडची गवंड्याची बायको आली. दोघंबी माझ्याकडं बघत होते.

"खाली उतर बाबा," मी म्हणलं. "तुझा काय दोष न्हाई. पाणी पी. आणि हे मीटर परत ने. तीस घरं आधी. माझं शेवटी."

"साहेब रागावतील, काका."

"मग त्यांना सांग, त्यांनी स्वतः यावं. बसायला खुर्ची देतो."

तो गेला. मीटर परत गेलं, तेबी मी लिहून घेतलं, त्याची सही घेऊन.

दर सोमवारी आम्ही जातोय. पहिल्यांदा पाच जण होतो, मागच्या सोमवारी अठरा. येत्या सोमवारी बाया येणार आहेत. प्रत्येक खेपेला नवा अर्ज, प्रत्येक खेपेला पोच. गल्लीतल्या शेवटच्या घराचं मीटर बदलत न्हाई, तोवर माझ्या भिंतीला कुणी शिडी लावायची न्हाई.