गोऱ्यांच्या लाइनीतला पाव

लोणावळ्याला रेल्वेच्या कामगारांसाठी खोल्यांची एक लांबच लांब रांग होती. तिला सगळे लाइन म्हणायचे. आमची खोली त्यातलीच. दोन खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत पोचत नसत, वर हातभर जागा मोकळी असायची. त्या फटीतून धूर, खोकला, भांडण, फोडणीचा वास, सगळं इकडून तिकडे जायचं. कुणाकडे मटण शिजलं की आजूबाजूच्या घरांत विचार सुरू व्हायचा, हे आणलं कुठून? मी स्वभावाने संशयी आहे असं लोक म्हणतात. त्या लाइनीत वाढलेलं माणूस आणखी कसं असणार?

रुळांच्या पलीकडे गोऱ्यांची लाइन होती. गोरे म्हणजे काही कलेक्टर नव्हेत. घाटात इंजिनं हाकणारे ड्रायव्हर आणि गार्ड. माझे वडील त्यांच्याच इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन होते. ड्यूटीवरून परतताना वडील आणि ड्रायव्हर दोघेही सारखेच काळे असायचे, आंघोळ झाली की त्यातला एक साहेब व्हायचा. त्यांच्या बायकाही नवऱ्याशी कडाकडा भांडायच्या, शेजारी उसनी साखर मागायला जायच्या. तरी आम्हांला त्यांचं काहीच खरं वाटत नसे. ते दार लावून जेवतात, यातच काहीतरी काळंबेरं आहे असं आम्ही धरून चाललो होतो. आणि आम्ही पोरं तिकडे फिरकलो की मडमा दोरीवरचे कपडे काढून आत नेत, म्हणजे त्यांनाही आमच्याबद्दल तेवढीच खात्री होती.

सगळ्यात मोठा संशय पावाचा. पाव पायांनी तुडवून करतात, त्यात ताडी घालतात आणि तो खाल्ला की माणूस बाटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुंबईला गिरणीत असलेले आमचेच नातेवाईक तो चहात बुडवून खातात, हेही ठाऊक होतं. पण ते मुंबईत. इथे मुलीचं लग्न जुळवायच्या वेळी असलं काही निघालं की गावाकडचे सोयरे ते चघळायला मोकळे.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा एका ड्रायव्हरच्या मडमेकडे तिचं मूल सांभाळायला जायची. आईने पाठवतानाच बजावलं होतं, "तितलं पानी बी तोंडात घ्यायचं न्हाई." त्याच सुमारास आक्काचं लग्न तळेगावजवळच्या इंदुरी गावच्या एका शेतकरी घरात ठरलं. घर चांगलं होतं, भाताची खाचरं होती, मुलगा निर्व्यसनी होता. सुपारी फुटली तेव्हा आई इतकी खूश होती की नळावर तिने कुणाशीही न भांडता पाणी भरलं.

आणि आक्काने भाकरी सोडली. ताटात भाकरी तशीच ठेवायची, पेज तेवढी प्यायची आणि भूक नाही म्हणून उठायची. एरवी भाकरीवर तुटून पडणारी पोरगी. आई तिच्याकडे बघत राहायची. आक्का हल्ली तोंडापुढे पदर धरून बोलते, हेही तिने हेरलं. एकदा कामावरून परत येताच आईने तिची हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला. आक्काने झटकन मान फिरवली.

"गोडसर, मसाल्यावानी वास येतोय," आई वडिलांना म्हणाली. "केक खाती वाटतं."

वडील पाय धूत होते. "पोरीलाच इचार की."

"इचारलं. न्हाई म्हनती."

"मग झालं."

"चोर कदी व्हय म्हनंल का?" आई म्हणाली.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. मला तर आक्काचा हेवा वाटायचा.

शेजारच्या खोलीत रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको राहायची. आईपेक्षा वयाने मोठी. सगळी लाइन तिला मावशी म्हणायची. नवऱ्याचा डबा घेऊन ती रोज गोऱ्यांच्या लाइनीवरून जायची. आईने तिला आत बोलावलं आणि दार लोटून हळूच म्हटलं, "मावशी, जाता येता जरा नजर ठिवा. पोरगी तितं काय खाती का बगा. कुनाला बोलू नका."

मावशी काही वाईट बाई नव्हती. बघायला सांगितलं, तिने बघितलं. मडमेच्या ओट्यावर आक्का मुलाला दुधात पाव कुस्करून भरवताना तिला दिसली. आईला तिने तेवढंच सांगितलं. नळावर सांगताना मात्र आईची शंकाही जोडून दिली, कारण नुसता पाव ऐकायला कोण थांबतं? नळावरून गोष्ट बाजारात गेली, बाजारातून तळेगावला उतरली, आणि तिथून इंदुरी ती काय लांब.

नवऱ्या मुलाचे चुलते आले. आईने पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे ठेवला. ते उंबऱ्याबाहेरच बसले आणि तांब्याला त्यांनी हात लावला नाही. तेव्हाच आम्हांला सगळं कळलं.

"लोक काय, बोलत्यात," ते वडिलांना म्हणाले. "त्येचं आमी मनावर घेत न्हाई, भाऊ. पर हितं सोता आईच शेजारनीला नजर ठिवा म्हनून सांगती. आईला खात्री न्हाई, तर आमी कशाच्या जोरावर पोर न्यायची?"

आईने मावशीच्या नावाने बोटं मोडावीत, तर नजर ठेवायला सांगितलं होतं आईनेच. चुलते उठले, वडिलांना रामराम केला आणि पुण्याकडची गाडी धरायला गेले. मला त्या माणसाचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

आक्का त्या दिवशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि दुपारी परतली ती हातात पाव घेऊन. झाकलेला नाही, फडक्यात बांधलेला नाही. नळावर बायका होत्या. त्यांच्या समोरून चालत येऊन ती आमच्या उंबऱ्यावर बसली आणि तिने पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला.

आई आतून धावली. "काय करतीस ग?"

"नाव तर झालंच हाय," आक्का म्हणाली. "आता खाऊन तरी बगते. मडम रोज द्यायची, मी रोज न्हाई म्हनायची."

आई पाव हिसकावून घेणार होती, पण तिचा हात मध्येच थांबला. आक्का एकाच बाजूने, डोळे मिटून, हळूहळू चावत होती. आज तोंडापुढे पदर नव्हता आणि तिचा उजवा गाल सुजलेला दिसत होता. आईने तिला तोंड उघडायला लावलं. मागची दाढ किडून काळी झाली होती, हिरडी टरारून फुगली होती. वास येत होता तो लवंगेच्या तेलाचा. दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या तोंडाला तो आला असता, तर आईने डोळे मिटून दाढ म्हणून सांगितलं असतं.

"मडमेनं दिलंय," आक्का म्हणाली. "कापसावर घालून लावलं की उलीसं थांबतंय."

"कवापासनं दुखतीया?"

"सुपारी फुटायच्या आदीपासनं. भाकरी चावतच न्हवती. त्यांस्नी कळलं असतं, तर किडक्या दाताची पोर म्हनून सोडली असती."

इतके दिवस मऊ पाव समोर असताना ती नुसत्या पेजेवर राहिली होती. आई तिच्या शेजारी खाली बसली.

"मला तरी सांगायचं हुतंस," ती म्हणाली.

आक्काने आणखी एक तुकडा मोडला. "तू मावशीला औषद इचारलं असतंस," ती म्हणाली आणि खात राहिली.