बेडशाखालचं बरड

कामशेतहून निघताना ठरवलं होतं, बेडशाची लेणी बघायची आणि उजेड आहे तोवर परतायचं. जीपवाल्याने फाट्यावरच उतरवलं आणि माझं ठरवणं तिथंच बोंबललं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. भातखाचराच्या बांधावर पाय घोट्यापर्यंत रुतला. चरफडत वर चढले, तर एक मावशी जमीन सारवत होत्या. त्यांना वाट विचारली.

"ह्या बरडावरनं सरळ जावा."

बरड (मुरमाची, दगडगोट्यांची, पाणी न धरणारी जमीन). आमच्या घरी हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जायचा. मी चार पावलं टाकली तोच मावशी ओरडल्या, "ओ ताई, बूट! खळं हाये न्हवं ते!"

ताज्या सारवणावर माझ्या चिखलाचे ठसे! भात झोडायच्या जागेवर पायताण चालत नाही, एवढंही मला सुचू नये? ओशाळून बूट काढले. मावशींनी ठसे पुसून पुन्हा हात फिरवला आणि मला सावलीत बसवून नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. चटणी झणझणीत होती, पण झकास.

वाटणीत खालची चांगली खाचरं धाकट्या दिराला गेली. मावशींचे यजमान नाहीत. त्यांच्या वाट्याला एक लहान खाचर आणि हे बरड आलं. धरणाकडे पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या एका माणसाला ते आता बारमाही भाड्याने हवं होतं आणि तो दुपारी उत्तर न्यायला येणार होता.

"दिऊन टाक, आये," शेजारी जेवणारा त्यांचा लेक दत्ता म्हणाला. तो पवनानगरला जीप चालवतो. "नुसती दगडं तर हायेत."

"मग भात कुटं झोडायचं? पावसाळ्यात गुरं कुटं बसवायची? वाळवण कुटं घालू, तुज्या जीपच्या टपावर?"

मला हसू आलं. दत्ताला नाही आलं.

"देणार का मग?" मी हळूच विचारलं.

"त्याच्या मनात हाये. मी काय जल्माला पुरनार?"

मला फार वाईट वाटलं. पण मी पडले वाटसरू, काय बोलणार!

हात धूत होतो तेवढ्यात दीर धापा टाकत वर आले. "वैनी, वावरात पानी साचलंय. कापल्यालं भात कुजंल. भारं हितं आनू का?"

मावशींनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "इचारताय काय भावजी? आना. मधी राखेची रेघ वडा, म्हंजी भात मिसळायचं न्हाई."

मग एकच धांदल उडाली. दिराच्या मागून आणखी दोन घरं आली. दत्ता डोक्यावर भारे घेऊन चढत होता. मीही एक उचलला आणि मानेची वाट लावून घेतली. खाली सगळा चिखल होता आणि बरड मात्र कोरडं ठणठणीत. बघता बघता सगळीकडे भातच भात झालं, मधेमधे राखेच्या रेघा.

आणि तंबूवाला आला. हातात जमीन मोजायची टेप, पायात चकचकीत बूट. त्याने सरळ खळ्यात पाय टाकला.

मावशी लेकाकडे बघत राहिल्या.

दत्ताने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. "सायेब, बूट काढा," तो म्हणाला. "आन् ती टेप खिशात ठेवा. हितं आमी भात झोडतो."

लेणी राहिलीच. परतीच्या जीपमध्ये दत्ताने मला पुढे बसवलं. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय बघितलंस? म्हटलं, बरड बघितलं. ते हसले. हसू देत.