एकटीनं खाल्लेला खर्रा

काशीला गेलं की आपल्या आवडीची एक चीज तिथंच सोडून यायची, अशी आमच्याकडं रीत. मी तिशीत गेले आणि कारलं सोडून आले. कारलं मला जन्मात आवडलं नव्हतं. गंगेला फसवल्याच्या आनंदात ही शहाणी पार वर्धा स्टेशन येईपर्यंत गालातल्या गालात हसत होती. खरी आवडीची चीज पदराच्या गाठीत होती. तिनं माझ्यासोबत गंगेत तीन बुड्या मारल्या आणि प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेली असल्यामुळं कोरडी ठणठणीत वर आली.

ती चीज म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि चिमूट चिमूट गालात धरायचा. त्याचा एक कायदा आहे. घोटणारीनं पहिली चिमूट शेजारी बसलेलीला द्यायची. खर्रा एकटीनं खात नसतात.

मला पहिली चिमूट सासूबाईंनी दिली. लग्नाचं दुसरं वर्ष, अल्लीपूरच्या वावरात कापसाची वेचणी चाललेली. सकाळपासून त्यांचा पट्टा सुरू होता, "हे पोरगी कशातच टिकत नाई." दुपारी मला भुकेनं घेरी आली तेव्हा मात्र जवळ आल्या आणि आपल्या हातानं चिमूट पुढं केली. "घे. भूक लागत नाई मंग." मी अशी फुगले, जशी सोन्याची पाटलीच चढवली हातात. वाटलं, आता आपण या घरच्या झालो. बाईनं एक भाकर वाचवली होती, एवढंच. हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

कळलं तेही पाणीपुरीमुळं. नातीनं मोठ्या हौसेनं ठेल्यावर नेलं आणि पुरी तोंडात जाईना, जबडाच तेवढा उघडेना. ती आधी हसली, मग हसायची थांबली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, तीन बोटं उभी घाला तोंडात. दोन गेली, तिसरं दारातच अडकलं. खर्रा आजच सोडा, नाहीतर पुढं घासही जाणार नाही, असं तिनं सरळ सांगितलं. वर आईस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम दिला. दातांमध्ये काड्यांची चळत धरून बसायचं आणि जमेल तशी एकेक वाढवायची.

पिपरी मेघेत माझ्या भिंतीला भिंत लागून मोठ्या जाऊबाई राहतात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू सोडून राह्यली ना? मंग मी बी सोडलाच समज."

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही ओट्यावर बसून भाजलेला जवस आणि बडीशेप चघळायचो. माझे हात कापायचे, डोकं ठणकायचं.

"तलफ येते का वो?" त्या विचारायच्या.

"येते ना, बाई."

"मले बी. लय येते."

त्या "मले बी"वर मी एकेक दिवस काढला. आपण दोघी एकाच आगीत बसलोय, असं वाटायचं. सातव्या काडीपर्यंत पोचले होते मी.

एका दुपारी विरजण मागायला त्यांच्या मागच्या दारानं गेले. पन्नी घोटल्याचा चर्रचर्र आवाज मी झोपेतही ओळखीन. त्या पाण्याच्या टाकीआड बसल्या होत्या. मला पाहिलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आपोआप पहिली चिमूट घेऊन पुढं आला. मग दचकून मागं गेला.

"नाई नाई. तुले नाई."

"कवापासून, बाई?"

"कवापासून काय? सोडला कवा होता मी?"

"मंग मले बी तलफ येते म्हणत होत्या, ते?"

"तू एकटी पडली असती ना वो. तुह्याचसाठी म्हटलं."

त्यांनी खाल्ला याचं मला काही वाटलं नसतं. पण माझ्या शेजारी बसून त्यांनी तलफेचं सोंग काढलं. मी त्यांच्या तळहातावरची चिमूट उचलली आणि गालात कोंबली. निखारा ठेवावा तसं तोंड पेटलं. तशीच घरी आले आणि मोरीत थुंकत बसले, थुंकता थुंकता स्वतःला शिव्या देत. "टिकत नाई हे. कशातच टिकत नाई."

बोलता बोलता थबकले. हे वाक्य माझं नव्हतंच. आवाजसुद्धा सासूबाईंचा लागला होता. वेचणीतल्या त्या पोरीनं तंबाखू कुठं मागितली होती? तिला भूक लागली होती. तिच्यावर मी जन्मभर हसत आले. एक भाकर काही कुणी तिला दिली नाही.

चुली जाऊन गॅस आला तरी दुपारी कोपर्‍यात उरलेली भाकर असतेच. ती गरम दुधात कुस्करली, निवत ठेवली आणि पाट घेऊन बसले. तोंड सोलल्यासारखं झालं होतं, तरी सावकाश सगळी खाल्ली. "हळू खा," असं कुणाला तरी म्हणालेही. मग तोंड धुऊन काड्या घेतल्या. सहाच गेल्या. सहा तर सहा.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "तलफ येते का वो?"

मी काड्या तोंडातून काढल्या.

"येते, बाई. पण तुमी नका इचारू आता."

त्या दुपारी पलीकडं पन्नी वाजली नाही.